खंड्याच्या बिळाशी पाणी

शहराच्या अगदी मधोमध, नदीकाठच्या एकेकाळच्या हिरव्यागार राईला लागून कुंदा तिच्या आईबरोबर राहायची. झोपडी एवढीशी, पोटात पुष्कळदा कावळे ओरडायचे, पण राईवर तिचा भारी जीव! ती राई मात्र सुकत चालली होती. लोक देवाला वाहिलेली फुलं पिशवीत बांधून, हात जोडून तिथल्या ओढ्यात सोडायचे. पाणी काळं झालं, पाखरं उडून गेली. उरलं खंड्याचं एकच जोडपं. काठाच्या मातीतल्या बिळात त्यांची पिल्लं होती.

एका संध्याकाळी पिशव्यांनी पुलाखालची मोरी तुंबली आणि पाणी बिळाकडे चढू लागलं. कुंदा काठाकडे धावली.

इतक्यात एका पिशवीत काहीतरी चमचमलं. तिनं गाठ सोडली, तर आत इवलीशी परी! निळे निळे पंख चिखलानं माखलेले.

"माग, बाळ, काय हवं ते," परी धापा टाकत म्हणाली. "पण अर्धं काम माणसाच्या हातांनी व्हायला हवं. आणि सूर्य बुडेपर्यंत रागाचा एक शब्द जरी निघाला, तरी जादू संपली."

गरम भाकरी मागावी, असं भुकेल्या पोटाला वाटलंच. पण बिळातून चिवचिव आली.

"पिल्लं वाचू देत, ओढा वाहू दे!" म्हणत कुंदा पाण्यात उतरली.

ती पिशव्या ओढत राहिली. बोटं सोलली. सूर्य झाडांमागे गेला, पाणी बिळात शिरलं, चिवचिव थांबली. आणि वरून धपकन आणखी एक पिशवी पडली!

पुलावर शेजारच्या वासंतीआजी उभ्या होत्या. कुंदानं ओठांवर आलेला राग कसाबसा गिळला.

"आजी, नका ना टाकू. पिल्लं बुडतायत."

"अगं बाई! पण देवाची फुलं पायदळी कशी येऊ द्यायची?"

"मला द्या. मी झाडाच्या मुळाशी पुरते. तिथं कुणाचा पाय पडत नाही."

"एवढं साधं मला सुचू नये?" आजींनी पदर खोचला आणि त्याही खाली उतरल्या. दोघींनी मिळून शेवटची पिशवी उपसली.

"आता माझं अर्धं!" परीनं पंख झटकले. निळ्या-सोनेरी ठिणग्या उडाल्या, ओढा खळाळला, पाणी निवळलं, वाळक्या फांद्यांना लुसलुशीत पालवी फुटली. "पोरी, आजपासून या राईची राखण तुझी नि आईची. इथली फळं तुम्हाला कधी कमी पडायची नाहीत."

परी लखलखली आणि त्या उजेडात विरून गेली.

कुंदाचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. पाणी उतरलं होतं, पण बीळ गप्प होतं. खंड्या पाण्यात झेपावला, चोचीत चांदीसारखी मासोळी घेऊन आत शिरला. कुंदानं आजींचा हात घट्ट धरला.

आणि आतून एकच कल्ला उठला. सगळ्या पिल्लांना एकदमच भूक लागली होती.