काजळी म्हशीचा थांबा

फार पूर्वी नदीपार जायला एकच सोय होती, काजळी म्हशीची पाठ. पण उंदरांच्या काठावर ती थांबतच नसे. दाणे पलीकडे, पिल्लं अलीकडे उपाशी. तिची पावलं वाजली की सगळे उंदीर रिवाजाप्रमाणे गवतात दडत आणि तिथूनच बोटं मोडत, "मोठ्यांना कुठे दिसतोय आपण!"

"आज मीच बोलते," टिकली उंदरीण म्हणाली आणि लगेच पस्तावली. आपण खुराखाली आलो तर पिल्लांचं कसं व्हायचं? तरी ती वाटेत उभी राहिली.

"मावशी, इथे का थांबत नाही हो?"

"अगं बाई! इथे कुणी राहतं होय?"

गवत हळूच हललं. एकेक उंदीर ओशाळून बाहेर आला. काजळी खाली बसली.

"चढा. उद्याही थांबेन. फक्त कानात शेपट्या घालू नका."