कवठीच्या तीन गाठी

एका राज्यात कमळजा नावाची राणी होती. तिची लेक शेवंती जन्मली त्याच दिवशी राजवाड्याच्या अंगणात कवठी उगवली आणि दोघींचा जीव एक झाला. कवठीला डिंक आला की शेवंतीचे डोळे पाझरत. पाल्यात कडूपणा चढला की तिचं तोंड कडू होई. काळा ठिपका पडून पान गळालं की वेणीतला एक केस गळे.

आईचं काळीज ते! राणीला पाहवेना. तिनं धूम्राक्ष मांत्रिकाला बोलावलं. त्यानं खोडाला काळ्या दोऱ्याच्या तीन गाठी मारल्या. डिंक थांबला, कडूपणा सरला, पान गळेनासं झालं. राणीनं राज्यभर साखर वाटली. आजाराला आपणच आवतण धाडलं, हे तिला कुठं ठाऊक!

मग कुंपणावरून बुरशी आली आणि फांदीफांदीत पसरली. शेवंतीनं अंथरूण धरलं.

तेव्हा कवठीवरची साळुंकी बोलली, "राणीसाहेब, डिंक जखमेचं दार लावतो. कडूपणा बुरशीला विष होतो. ठिपक्याचं पान शत्रूला पोटात कोंडून आपण होऊन मरतं. आपण झाडाचे तिन्ही शिपाई बांधून ठेवलेत."

"मांत्रिकाला बोलवा!"

"त्याला त्या गाठी सुटायच्या नाहीत. ज्या मायेनं बांधवून घेतल्या, तिनंच सोडायच्या."

शेवंतीचा पलंग अंगणात आणला. राणीनं पहिली गाठ सोडली. डिंक वाहू लागला, शेवंती हमसून रडली. राणीनं दुसरी सोडली. शेवंतीनं आईच्या हातचं दूध थुंकून टाकलं. राणीनं तेही सोसलं. तिसऱ्या गाठीपाशी मात्र हात थिजला. शेवंतीची वेणी राणी रोज स्वतः घालत असे.

"आईसाहेब, सोडा ना."

"सगळे केस जातील गं, बाळे."

"जाऊ देत. तुम्हाला वेणी हवी की मी?"

राणीनं डोळे मिटून गाठ सोडली. दोऱ्याची राख झाली. पानं सळसळत खाली आली आणि त्यांच्यात कोंडलेली बुरशी तिथंच मेली. कवठीनं उग्र वास सोडला. तो इशारा ओळखून बागेतली झाडं सावध झाली.

उजाडलं तेव्हा कवठीवर पान नव्हतं, शेवंतीच्या डोक्यावर केस नव्हता आणि अंगात तापही नव्हता. "भूक लागली," ती म्हणाली. राणी रडता रडता हसली, तेलाची वाटी घेऊन त्या गुळगुळीत डोक्याला तेल चोळत बसली.

पुढं कवठीला कोंब फुटले, शेवंतीला केस आले. तशी ऐकणाऱ्यांची लेकरं वाढोत, आणि आयांना गाठी सोडायचं बळ मिळो.