राजाच्या वासाचं अत्तर

"मला माझं अत्तर पाहिजे!" हिरापूरच्या विक्रमभान महाराजांनी भर दरबारात फर्मावलं. "गुलाबाला गुलाबाचं आहे, चंदनाला चंदनाचं आहे. मग राजाला राजाचं नको? एक थेंब हुंगला की आंधळ्यानंही म्हणावं, महाराज आले!"

दरबारी अत्तरवाले भिकाजीपंत गंधे यांना घाम फुटला. त्यांच्या घराण्यानं सात पिढ्या फुलं उकळली होती. राजा कधीच उकळला नव्हता! पण पंत बिलंदर. पुढे होऊन म्हणाले, "महाराज, हे काम त्या तेल्याच्या गोजराला सांगा. ना गुरू, ना घराणं! चार मडकी मांडून बाजारात अत्तर विकते आणि माझी गिऱ्हाइकं पळवते. कळू द्या तिचं कसब!"

गोजराला बोलावणं गेलं. बापाच्या घाण्याशी बसून, तिळात मोगरा मुरवून बघत, शंभरदा चुकत ती आपली आपण शिकली होती. बाजारातलं टीचभर दुकान थाटून तिला जेमतेम वर्ष झालं होतं.

"आठ दिवसांत माझं अत्तर आण," महाराज म्हणाले. "नाहीतर दुकान बंद! मग जन्मभर पंतांच्या भट्टीत लाकडं सारायची!"

गोजरानं हात जोडले. "महाराज, गुलाबाचं अत्तर काढायचं तर गुलाब तांब्याच्या देगेत घालून दिवसभर उकळावा लागतो. आपण कधी येता?"

दरबाराला एकदम खोकला आला. महाराज सिंहासनावर मागे सरकले. "मला न उकळता!"

गोजरा कामाला लागली. तिनं केशर, कस्तुरी, ऊद असं सगळं भारी भारी एकत्र केलं आणि बापाच्या नाकाशी धरलं.

"देवळात आल्यासारखं वाटतं," बाप म्हणाला.

शेजारीण म्हणाली, "अगं बाई, कुणाचं लग्न आहे?"

राजाचं नाव कुणीच घेईना! सहा दिवस असेच गेले. सातव्या दिवशी गोजरा राजवाड्याच्या नगारखान्याखाली पायरीवर डोकं धरून बसली. भट्टीतली लाकडं तिला आता डोळ्यांसमोर दिसायला लागली होती.

इतक्यात वर नगारा घुमला. पाठोपाठ महाराज समोरून निघून गेले. गोजरा चमकली. नगारा वाजवणाऱ्या म्हाताऱ्या सटवाजींना तर दहा वर्षांपासून दिसत नव्हतं!

ती धावत वर गेली. "आबा, महाराज आले हे तुम्हाला कळलं कसं?"

"नाकानं!" सटवाजी आबा म्हणाले आणि आवाज खाली आणला. "कुणाला सांगू नको हो पोरी. गुडघे दुखतात म्हणून महाराज निरगुडीचं तेल चोळतात. जेवताना लसणीची चटणी चापतात. आणि सकाळ-संध्याकाळ हत्तीला मिठी मारतात. तिन्ही वास एकदम आले की मी टिपरू उचलतो. आजवर एकदा चुकलो नाही!"

गोजरानं आबांचे पाय धरले आणि घराकडे धूम ठोकली.

आठव्या दिवशी दरबार भरला. महाराज सिंहासनावर बसले होते. गोजरा रिकाम्या हातानं समोर उभी राहिली. पंत मिशीत हसत होते.

"अत्तर कुठाय?" महाराजांनी विचारलं.

"येतंय, महाराज."

तेवढ्यात बाहेर नगारा दणाणला. दारावरच्या भालदारानं हवा हुंगली, छाती फुगवली आणि आरोळी दिली, "महाराज येत आहेत हो!" सवयीनं सगळा दरबार ताडकन उठला. पंत तर कमरेत वाकले. खुद्द महाराजही अर्धवट उठले. "कोण येतंय?"

"आपणच, महाराज!" प्रधानजी गोंधळून म्हणाले.

आणि डुलत डुलत आत आलं गोजराचं गाढव! थेट पंतांपुढे गेलं आणि त्यांच्या पगडीत खोचलेलं फूल खाऊन मोकळं झालं.

महाराजांचा चेहरा लालबुंद झाला. "गाढव? हे माझं अत्तर?"

"छे, छे! गाढव ही नुसती कुपी, महाराज! अत्तर तिच्या मानेला लावलंय. आंधळ्यानं ओळखावं असं आपण म्हणालात. सटवाजी आबांनी ओळखलं. सुवासिक हवं, असं काही आपण म्हणाला नव्हतात!"

महाराजांनी आपल्या अंगरख्याची बाही हुंगली. मग दुसरी हुंगली. "निरगुडी..." ते पुटपुटले. "चटणी..."

"आणि हत्ती, महाराज."

महाराजांनी डोळे बारीक केले. "आणि हे अत्तर तू विकणार कुणाला?"

"कुणालाच नाही, महाराज! घरोघरी राजे झाले, तर नगारा वाजवून वाजवून आबांचे हात गळून पडतील!"

महाराज खो खो हसत सुटले! हसता हसता त्यांनी गुडघ्यावर थापा मारल्या आणि निरगुडीचा घमघमाट थेट दारापर्यंत गेला.

"प्रधानजी!" डोळे पुसत ते म्हणाले. "हिला भर चौकात मोठं दुकान द्या, तांब्याची नवी देग द्या. आणि पंत, उद्यापासून तुम्ही हिच्याकडे शिकायला जायचं! गोजरे, आता माझ्यासाठी खरोखर सुवासिक अत्तर आण. चांगला घडाभर!"

पडद्याआडून राणीसाहेबांचा आवाज आला, "दोन घडे आण गं बाई!"