माझ्याकडे होत नाही

“मग चूक कुठे आहे, तेवढं तरी सांगा!”

पुष्कर लिमयेचा आवाज जरा चढलाच. इतका वेळ त्याने तो मोठ्या कष्टाने खाली धरला होता.

“चूक नाहीच,” गोंधळेकर बाई म्हणाल्या.

“एकाही पॅचमध्ये?”

“एकाही नाही. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा वाचले मी. सुरेख आहेत.”

“मग किल्ली का देत नाही मला?”

बाईंनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

“गार होतोय,” त्या म्हणाल्या.

ही किल्ली म्हणजे काही कपाटाची नव्हे. अठरा वर्षांपूर्वी मिरजेच्या तंत्रनिकेतनात शिकवताना बाईंनी ‘सुतळी’ नावाची एक संगणकाची भाषा रचली आणि रचून सगळ्यांसाठी मोकळी सोडून दिली. कोणीही वापरावी, उसवून बघावी, कुठे बिघडली तर कळवावं, जमलं तर दुरुस्तीही, म्हणजे पॅच, पाठवावी. दुरुस्ती पाठवायला परवानगी लागत नाही. पण आलेली दुरुस्ती भाषेत कायमची शिवून टाकायचा अधिकार फक्त तिघांकडे. त्या अधिकाराला सगळे किल्ली म्हणत. बाईंची नजर आता अधू झाली होती आणि त्यांच्याकडची किल्ली त्या कोणाला तरी देणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कोणाला, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. निदान पुष्करला तरी होतं.

सगळ्यांत जास्त पॅच त्याचे. आलेल्या तक्रारी बघून निकाली काढायचं कामही दोन वर्षं त्याच्याकडेच. त्याचा झपाटा असा, की सकाळी आलेली तक्रार दुपारच्या जेवणापर्यंत बंद. तरी दोन महिने बाईंचा हो नाही की नाही नाही. शेवटी एक जूनला स्वारी पुण्याहून पहाटेची एसटी पकडून थेट बाईंच्या दारात.

“दुसऱ्या कोणाला द्यायची आहे का?” त्याने विचारलं.

“नाही.”

“माझं वागणं खटकलं का?”

बाईंनी यावर विचार केला. खरोखरच केला, हे पाहून पुष्करला थोडी धास्ती वाटली.

“तक्रारी वाचतोस ना तू?” त्या म्हणाल्या.

“रोज. एकूण एक.”

“आष्ट्याच्या मुलाणींच्या वाचल्यास?”

पुष्करला आठवायला वेळ लागला. मग आठवलं आणि तो हसला.

“ते सुतळीवर मशीन चालवणारे अंडीवाले? बाई, त्यांच्या तक्रारीत वाचण्यासारखं काही नसतंच. ‘बंद पडले, कृपया बघणे.’ काय बंद पडलं, कसं पडलं, त्याआधी काय केलं होतं, पत्ता नाही. मी तोच प्रोग्रॅम माझ्याकडे चालवून बघितला. पाच वेळा. एकदाही बंद पडला नाही. तसं त्यांना कळवलं.”

“काय कळवलंस?”

“‘माझ्याकडे होत नाही.’ आणि तक्रार बंद केली.”

“तिन्ही वेळा?”

“तिन्ही वेळा तेच तर होतं!”

बाई उठल्या. भिंतीशी लाकडी घडवंचीवर कागदांचे गठ्ठे होते. बाईंना पडद्यावरची अक्षरं आताशा लागत नसत, म्हणून आलेल्या तक्रारी त्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरांत छापून आणत. एवढंच असतं तर पुष्करने मान डोलावून सोडून दिलं असतं. पण बाईंच्या गठ्ठ्यांना काही शिस्त दिसेना. क्रमांक नाहीत, विषय नाहीत. प्रत्येक गठ्ठ्याला चिमटा आणि चिमट्यावर माणसाचं नाव.

“माणसाप्रमाणे लावता तुम्ही?” त्याने विचारलं. “मग एका विषयाचे बग एकत्र सापडणार कसे?”

“नाही सापडत,” बाई म्हणाल्या. “अगदीच गैरसोयीचं आहे.”

त्यांनी ‘दस्तगीर मुलाणी’ असं लिहिलेला चिमटा काढला. त्यात तीनच कागद होते. ते त्यांनी पुष्करसमोर सतरंजीवर शेजारी शेजारी मांडले.

“वाच.”

“वाचलेत, बाई.”

“वाच.”

पुष्करने सुस्कारा टाकला आणि शाळेत धडा वाचावा तसं वाचलं. “‘नमस्कार. मशीन बंद पडले. पंखा फिरत नाही. कृपया बघणे. आपला, दस्तगीर मुलाणी.’ दुसरी. ‘नमस्कार. परत बंद पडले. कृपया बघणे.’ तिसरी. ‘नमस्कार. परत तसेच.’ ...झालं. आता यातून कोणी काय काढायचं?”

बाई खाली बसल्या. गुडघे कुरकुरले, पण बसल्या. मग त्यांनी एक तळहात पहिल्या कागदावर ठेवला, दुसरा दुसऱ्यावर. लिहिलेलं सगळं झाकलं गेलं.

“मला दोनच हात आहेत,” त्या म्हणाल्या. “तिसऱ्यावर तू ठेव.”

पुष्करने ठेवला. का, ते त्याला कळलं नव्हतं.

“आता वाच.”

“काय वाचू? सगळं तर झाकलंय!”

बाईंनी हात तसेच दाबून धरले.

बाहेर पाववाला सायकलची घंटी वाजवत गेला. पुष्कर कागदांकडे बघत राहिला. हाताच्या वर, कागदाच्या माथ्याशी, एकेक ओळ उघडी राहिली होती. ती काही मुलाणींनी लिहिलेली नव्हती, यंत्राने आपण होऊन छापलेली होती.

तीन जानेवारी.

बावीस फेब्रुवारी.

तेरा एप्रिल.

त्याने बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.

“पन्नास,” तो पुटपुटला. “मधे पन्नास दिवस. आणि पुढचेही... पन्नासच!”

“हं.”

त्याच्याकडच्या यादीत यातल्या कुठल्याही दोन तक्रारींच्या मधे दुसऱ्यांच्या चार-साडेचारशे तक्रारी होत्या. एक ढगात तर एक पाताळात. त्या कधी एकमेकींशेजारी आल्याच नव्हत्या.

“पन्नास का पण?” तो म्हणाला. हा प्रश्न त्याने बाईंना नाही, कागदांनाच विचारला. “आठवड्यात बसत नाही. महिन्यात बसत नाही. त्यांचं मशीन कधी बंद करतात?”

“अंडी उबवायचं मशीन आहे. एक घाणा निघाला की दुसरा आत. बंद कसं करतील?”

“म्हणजे सतत चालू. आणि बंद पडलं की परत चालू करतात, आणि तिथून पुढे...”

तो एकदम थांबला. त्याचा हात कागदावरून उचलला गेला आणि तसाच हवेत राहिला.

“बाई! मिलिसेकंद!”

“काय?”

“सुतळीच्या पोटात घड्याळ आहे ना, प्रोग्रॅम सुरू झाल्यापासून किती वेळ गेला ते मोजणारं? ते मिलिसेकंद मोजतं. सेकंदाला हजार. आणि जिथे मोजतं ती जागा ठरावीक मापाची. चारशे एकोणतीस कोटी आणि वर काही लाख. एवढे भरले की...” त्याने आजूबाजूला बघितलं. “जुन्या स्कूटरचा काटा नाही का, सगळे नऊ झाले की फिरून शून्यावर येतो? तसं. आणि दिवसाचे मिलिसेकंद आठ कोटी चौसष्ट लाख. भाग द्या. एकोणपन्नास दिवस आणि...” तो डोळे मिटून पुटपुटला, “...सतरा तास!”

“अस्सं!” बाई म्हणाल्या. त्या पुढे झुकल्या होत्या. “मग शून्यावर आल्याने बंद का पडावं?”

“प्रोग्रॅम म्हणतो, अमुक वाजले की मला उठवा. घड्याळ फिरून शून्यावर आलं, आता ते अमुक कधी वाजणारच नाहीत. प्रोग्रॅम आपला वाट बघत बसलाय जन्मभर!”

“बिचारा,” बाई म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. “आणि तुझ्याकडे का होत नाही?”

“मी रोज लॅपटॉप बंद करून झोपतो. माझ्याकडे कसं होणार? माझ्याकडे व्हायला मला...”

इथे त्याचं हसू विरलं. त्याने तिसरा कागद उचलला. तेरा एप्रिल. वेळ सकाळी आठची. आज एक जून. ओठ हलले. रात्री एकच्या सुमारास एकोणपन्नास दिवस सतरा तास भरत होते.

“बाई, आज रात्री ते परत बंद पडणार! त्यांचा नंबर...”

नंबर कागदाच्या तळाशी होता. वाचताना त्याने गाळला तरी तिन्ही कागदांच्या तळाशी होता आणि त्यापुढे लिहिलं होतं, ‘फोन केला तरी चालेल’. पुष्करने दोन वर्षांत कोणाही तक्रारदाराला फोन केला नव्हता. आता त्याची बोटं दोनदा चुकली.

“मुलाणी बोलताय का? मी सुतळीकडून बोलतोय. तुमचं मशीन आत्ताच्या आत्ता एकदा बंद करून चालू करा!”

“केलं की साहेब,” पलीकडून शांत आवाज आला. “सकाळीच केलं. बाईंचा फोन आलता.”

पुष्करने बाईंकडे बघितलं. बाई कप विसळायला उचलत होत्या.

“तुम्ही कोण म्हणायचं?” मुलाणींनी विचारलं.

“मी... तुमच्या तक्रारी बंद करणारा.”

“व्हय व्हय, लिमये साहेब! तुमचं नाव वाचलंय की. लई त्रास दिला बघा तुमाला. माझंच कायतरी चुकत आसंल म्हणून गप बसणार हुतो. पर पयल्या खेपेला अकराशे अंडी गेली, पिल्लं बाहेर पडायला दोन दिवस ऱ्हायले आसताना. मग रातचं उठून बघायची सवयच लावून घेतली.”

“अकराशे? हे तुम्ही तक्रारीत लिहिलं नाहीत!”

“आवो, ते तुमच्या भाषेचं न्हवतं ना. ते आमचं हुतं.”

पुष्करला शरम वाटली. पाच महिने एक माणूस रात्री उठून अंडी बघत होता आणि तीन वेळा नमस्कार लिहून कळवत होता.

त्याने फोन ठेवला.

“तुम्हाला माहीत होतं,” तो म्हणाला.

“पन्नास दिवस माहीत होते. कागद लावताना दिसले, परवा. पन्नासच का, ते नव्हतं कळलं. ते आत्ता तू सांगितलंस.”

“मग कळवायचं नाही का मला?”

“कळवलं असतं तर काय केलं असतंस?”

त्याने लॅपटॉप उघडला.

घड्याळ शेवटच्या दहा सेकंदांवर नेऊन ठेवलं आणि मुलाणींचा प्रोग्रॅम सुरू केला. दहा सेकंद झाले आणि प्रोग्रॅम गपकन थांबला. पुष्करच्या स्वतःच्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या लॅपटॉपवर. त्याला इतका आनंद झाला, की त्याने मांडीवर थाप मारली. दुरुस्ती एका ओळीची निघाली. दोनशे चौदा पॅचांत इतका लहान एकही नव्हता. पुन्हा दहा सेकंद. या वेळी प्रोग्रॅम शून्य ओलांडून निवांत पुढे गेला.

बाईंनी भिंग लावून ती ओळ दोनदा वाचली आणि तिथल्या तिथे भाषेत घेतली. मग पुष्करने मुलाणींना परत फोन लावला आणि नवी सुतळी मशीनवर कशी चढवायची ते एकेक बटण सांगत समजावलं. त्यात पाऊण तास गेला. मुलाणी मधेच कोंबड्यांवर ओरडायला जात, तेव्हा तो फोन कानाला लावून थांबे. पुण्यात त्याला असं थांबताना कोणी बघितलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

अखेर सगळं झालं. त्याने मुलाणींची तक्रार पुन्हा उघडली, खाली व्यवस्थित कारण लिहिलं, माफी मागितली आणि सवयीने बोट ‘बंद करा’ या बटणावर नेलं.

“काय करतोस?” बाईंनी विचारलं.

“तक्रार बंद करतोय. सुटली ना.”

“कोण म्हणालं?”

“म्हणजे काय? आत्ता तुमच्यासमोर चालवून...”

तो थांबला. बोट तसंच बटणावर होतं. मग त्याने ते हळूच मागे घेतलं.

बाई भाजी निवडायला बसल्या. पुष्करने बॅग भरली, चपला घातल्या, दारापर्यंत गेला. साडेचारची गाडी होती. पण सहा तास प्रवास करून माणूस ज्या गोष्टीसाठी आला, ती विचारल्याशिवाय उंबरा ओलांडवेना.

“बाई...”

“हं?”

“राग नका मानू. पण मग... किल्लीचं काय?”

बाईंनी मेथीची एक काडी खुडली. पानं टोपलीत टाकली, देठ बाजूला ठेवला.

“मुलाणींना विचार,” त्या म्हणाल्या. “पन्नास दिवसांनी.”