हातच्याची वजाबाकी

"पण बरोबर उत्तर कोणतं, हे तू कोणाला विचारलंस?"

स्वामी चिद्घनांचा प्रश्न ऐकून प्रद्युम्न हसला. शाबासकीच्या जागी उलटतपासणी!

मठाचे आधीचे गुरू अच्युतस्वामी. आजाराने त्यांचा आवाज गेला, तेव्हा त्यांनी एका जुन्या संगणकात सायंप्रार्थना रचून ठेवली. तिथीवरून गणित मांडून ते यंत्र रोज नवी सुरावट वाजवी. एकदा वाजलेली पुन्हा नाही. यंत्र थकलं, म्हणून प्रद्युम्नाने त्याच्या प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहिला. गेल्या अमावास्येला तो भर प्रार्थनेत अडकला. हातचा घेऊन वजाबाकी करण्याची आज्ञा त्यात चुकत होती.

"ती दुरुस्त केली, महाराज. सगळ्या चाचण्या उत्तीर्ण."

"चाचण्यांतली उत्तरं कोणी लिहिली?"

"मीच."

"आणि आज्ञा?"

"तीही मीच..."

"परीक्षार्थीच परीक्षक! मग नापास कोण होणार?"

"महाराज, वजाबाकी ती वजाबाकीच. तिचं उत्तर वेगळं कसं येईल?"

"त्या यंत्रात येत असेल. अच्युतस्वामींनी सूर त्याच्या गणितावर बसवले, तुझ्या नव्हे." चिद्घन उठले. "चल. एकच वजाबाकी जुन्या यंत्राला आणि तुझ्या प्रोग्रॅमला घालू. यंत्र लाव."

प्रद्युम्न जागचा हलला नाही.

"ते... लागणार नाही."

"का?"

"नक्कल चालू लागली, तेव्हाच त्याचा प्रोसेसर काढला होता. परिषदेत दाखवायला आतल्या रचनेचं छायाचित्र हवं होतं. वरचं कवच उतरावं म्हणून आम्लात घातला... आतलंही विरघळलं."

"दुसरा?"

"त्या जातीचा आता कुठेच नाही."

चिद्घन खाली बसले.

प्रार्थनेची वेळ झाली. प्रद्युम्नाने प्रोग्रॅम सुरू केला. सूर उमटले, अखंड, गोड. सभामंडपात माणसांनी डोळे मिटले. तो मात्र गुरूंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

सूर थांबले.

"महाराज, हेच होते ना स्वामींचे सूर?"

"रोजची सुरावट नवी. ताडून कशाशी पाहू?"

"चुकलं असेल तर सांगा. रात्रभर बसेन. सुधारीन. फक्त कुठे चुकलं, तेवढं सांगा!"

चिद्घन त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी शिष्यालाच हात जोडले.

"जा, बाळ. आता तू कधीच चुकणार नाहीस."