दोन गावांचा निवारा

एकदा एका नगराध्यक्षेच्या मनात आपल्याच गुरुबंधूविषयी मत्सर उत्पन्न झाला. मत्सराला एरवी खोटं कारणही पुरतं. या बाईंजवळ खरं कारण होतं, म्हणून तो अधिक खोल रुजला.

बाईंचं नाव शालिनी. हरणटेक या लहानशा शहराच्या त्या नगराध्यक्षा. नदीच्या पलीकडे देवसरी. तिथे मोठी बाजारपेठ, रुंद रस्ते, चौकाचौकांत कारंजी. देवसरीचे नगराध्यक्ष भालचंद्र. दोघंही एकाच गुरुजींच्या हाताखाली शिकलेले. गुरुजींनी आता ऐंशी ओलांडली होती. हरणटेकच्या वेशीबाहेर एका मळ्यातल्या खोलीत ते एकटे राहत आणि जुने विद्यार्थी अडीअडचणीला त्यांच्याकडे जात.

सहा वर्षांपूर्वी शालिनीताईंनी एका बंद पडलेल्या शाळेत बेघरांसाठी निवारा सुरू केला होता. अंथरूण-पांघरूण, दोन वेळचं जेवण, आठवड्यातून एकदा डॉक्टर. आरंभी नऊ माणसं होती, आता अडतीस झाली होती. त्यांतली निम्म्याहून अधिक देवसरीहून आलेली. बाजारात पाठ मोडेपर्यंत पोती वाहिलेले म्हातारे हमाल, मुलांनी देवळाच्या पायरीवर सोडून दिलेल्या आया. देवसरीत कोणी रस्त्याकडेला पथारी पसरली, की तिथले मुकादम त्याला टेम्पोत बसवीत, पुलाच्या अलीकडे आणून उतरवीत आणि म्हणत, “सरळ जा. शालिनीताईंचा निवारा कुठंय म्हणून कुणालाही विचारा.”

त्या वर्षी सुंदर शहराचा पुरस्कार देवसरीला मिळाला. वर्तमानपत्रात भालचंद्रांचं छायाचित्र आलं. शालिनीताईंनी ते तीनदा पाहिलं. फेटा त्यांना शोभत होता, याचाही त्यांना राग आला. गुरुजींनी भालचंद्रांना अभिनंदनाचं पत्र पाठवल्याचं कानी आलं, तेव्हा तर त्यांच्या घशाखाली घास उतरेना. रस्ते सुंदर दिसतात, कारण तिथली दुःखं माझ्या दारात आणून टाकली आहेत. हे गुरुजींना दिसत नाही? सहा वर्षांत मला एक ओळ तरी लिहिली त्यांनी?

इकडे हरणटेकचे नगरसेवकही वैतागले होते. “देवसरीची माणसं आपण किती दिवस पोसायची?” ते म्हणाले. “त्यांची यादी करा आणि पुलापलीकडे पोचती करा. नाहीतर निवाराच बंद करू.” पुढच्या सोमवारच्या सभेत तसा ठराव यायचा होता.

शालिनीताई गुरुजींकडे गेल्या.

“गुरुजी, भालचंद्राला तुम्ही समजावा. निम्मा खर्च देवसरीनं उचलायला हवा. मी दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. तुमचा शब्द तो मोडणार नाही.”

“निम्मा खर्च मागतेस,” गुरुजी म्हणाले, “त्याला काय देशील?”

“मी काय द्यायचं? त्याच्या गावची माणसं मी सांभाळतेय!”

गुरुजी काठी घेऊन उठले आणि म्हणाले, “चल, मला निवारा दाखव.”

निवाऱ्याच्या दारावर निळी पाटी होती. ‘हरणटेक नगरपरिषद निवारा’ आणि खाली तेवढ्याच ठळक अक्षरांत, ‘संस्थापिका : शालिनी राजोपाध्ये’. गुरुजींनी ती सावकाश वाचली.

“ही पाटी पुसून टाक. ‘देवसरी आणि हरणटेक यांचा निवारा’ असं लिहून घे. देवसरी आधी. खाली कोणाचंच नाव नको. आणि नव्या पाटीच्या अनावरणाला भालचंद्राला बोलाव.”

शालिनीताईंना क्षणभर वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“त्यानं आजवर इथे एक भाकरी दिलेली नाही, गुरुजी. आणि नाव त्याच्या गावाचं?”

“हो.”

“का?”

“आधी कर. मग विचार.”

त्या घरी परतल्या त्या धुमसतच. वर्गातसुद्धा भालचंद्राचीच वही गुरुजी सगळ्यांना दाखवायचे, हे त्यांना पस्तीस वर्षांनी आठवलं. कष्ट मी करायचे आणि पाटी त्याची लावायची! चार दिवस त्यांनी रंगाऱ्याला बोलावलं नाही. उलट कारकुनाला सांगितलं, “यादी करायला घ्या.”

शनिवारी सकाळी कारकून निवाऱ्यात टेबल मांडून बसला. एकेकाला विचारून गाव लिहू लागला. शालिनीताई शेजारी उभ्या होत्या. मनात एकच चित्र होतं : वीस-एकवीस माणसं देवसरीच्या त्या कारंज्यापाशी उतरली आहेत आणि भालचंद्राचं तोंड पाहण्यासारखं झालं आहे.

केरबा नावाच्या म्हाताऱ्या हमालाची पाळी आली.

“गाव?” कारकुनानं विचारलं.

“कंचं लिवता?” केरबा म्हणाला. “जल्माला आलो डोंगरात. तीस वर्सं पोती उचलली देवसरीत. पाय घसरून पाठ मोडली ती पुलावर. आन् जेवतो हितं. तुमीच ठरवा सायेब, मंग मला बी कळंल.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तो खरोखरच उत्तराची वाट पाहत होता. त्यानं आपलं गाठोडंही बांधून आणलं होतं. यादी झाली म्हणजे निघायचं, हे त्याला कोणी न सांगता समजलं होतं.

कारकुनानं ताईंकडे पाहिलं. ताईंना ते गाठोडं पाहवेना. भालचंद्राच्या अंगावर भिरकावण्यासाठी आपण दगड उचलला आहे आणि तो दगड म्हणजे हा म्हातारा आहे, हे त्यांना त्या क्षणी स्पष्ट दिसलं.

“यादी राहू द्या,” त्या म्हणाल्या. “केरबा, गाठोडं सोडा. रंगाऱ्याला बोलवा कोणीतरी.”

सोमवारच्या सभेत त्यांनी दोन महिन्यांची मुदत मागितली. कुरकुर होऊन ती मिळाली.

अनावरणाला भालचंद्र आले, पण साशंक मनानं. पाटीवरचा पडदा दूर झाला, ‘देवसरी’ हा शब्द आधी दिसला, आणि त्यांचा चेहरा उजळला. छायाचित्रं निघाली. हार त्यांच्या गळ्यात पडला. शालिनीताई मागच्या रांगेत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या आणि प्रत्येक टाळीगणिक आत काहीतरी भाजत होतं. समारंभ संपताच त्या कोणाशी न बोलता निघून गेल्या.

पहिला आठवडा काहीच घडलं नाही. दुसऱ्या आठवड्यात देवसरीचा एक धान्यव्यापारी ज्वारीची चार पोती घेऊन आला. “आपल्या गावचा निवारा आहे म्हणे. आम्हाला ठाऊकच नव्हतं,” तो म्हणाला. मग देवसरीच्या बचतगटातल्या बायकांनी गुरुवारचं जेवण आपल्याकडे घेतलं. पुढे एके दिवशी निवाऱ्याची मोटर जळाली आणि वर्तमानपत्रात बातमी आली : ‘देवसरीच्या निवाऱ्यात दोन दिवस पाणी नाही’. खाली अगदी बारीक अक्षरांत हरणटेकचंही नाव होतं.

दुपारच्या आत भालचंद्र पाण्याचा टँकर घेऊन हजर झाले.

“तू मला अडकवलंस, शालिनी,” ते तावातावानं म्हणाले. “सकाळपासून माझा फोन थांबलेला नाही. लोक विचारतात, पुरस्कार घेता आणि माणसांना पाणी देत नाही?”

“पाटी पुसायची का?” ताईंनी विचारलं.

भालचंद्रांनी ओसरीकडे पाहिलं. तिथे म्हातारी माणसं भांडी घेऊन रांगेत उभी होती. त्यांतल्या केरबाला त्यांनी ओळखलं. “हा तर बाजारातल्या आमच्या गाळ्यावर हमाल होता,” ते हळूच म्हणाले आणि पायरीवर बसले. मग वर न पाहताच बोलू लागले.

“खरं सांगू? तुझी पत्रं मी वाचली होती. पण जिकडे जावं तिकडे लोक म्हणायचे, शालिनीताईंचा निवारा, शालिनीताईंची माया. गुरुजीसुद्धा माझ्यासमोर तुझंच कौतुक करायचे. माझ्या रस्त्यांचं कोणी नाव काढत नसे. तुझ्या नावाच्या दाराला माझ्या गावानं पैसे का द्यावेत, असं वाटायचं. म्हणून उत्तर लिहिलं नाही.”

शालिनीताई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. सहा वर्षं नदीच्या दोन्ही काठांवर एकच विस्तव पेटलेला होता.

महिनाअखेरीस देवसरीच्या नगरपरिषदेनं निम्मा खर्च उचलण्याचा ठराव केला. मुकादमांचा टेम्पो बंद झाला. दोन्ही गावांची मिळून एक समिती नेमली गेली.

शालिनीताई पुन्हा मळ्यात गेल्या. केरबाच्या गाठोड्यापासून सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, “गुरुजी, आता विचारू?”

“विचार.”

“मी हक्कानं मागत होते तोवर त्यानं दमडी दिली नाही. आणि फुकट नाव दिलं, तर सगळं आलं. असं का?”

गुरुजी म्हणाले, “तुला त्याच्याकडून खर्चाचा वाटा हवा होता, पण निवाऱ्यात वाटा द्यायचा नव्हता. जे आपलं नाही त्याचा खर्च माणसाला दंडासारखा वाटतो. दंड कोण आनंदानं भरतं? जे आपलं आहे तिथे पाणी आटलं, तर माणूस स्वतः धावत येतो. ओझं वाटून घ्यायचं असेल, तर आधी आपलेपण वाटून द्यावं लागतं. आणि आपलेपण वाटून द्यायचं म्हणजे ‘माझं’ हा शब्द स्वतःच्या हातानं पुसायचा. ते फार जड जातं, हे मला माहीत होतं. म्हणून तुला सांगितलं. त्याला जमलं नसतं.”

शालिनीताईंचे डोळे भरून आले. त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, “पण मत्सर गेलेला नाही, गुरुजी. अजूनही त्याचा फोटो दिसला की जळते.”

“जळू दे,” गुरुजी म्हणाले. “एवढ्या लवकर जाईल तो मत्सर कसला! तो मनात असतानाही तू केरबाचं गाठोडं सोडायला लावलंस. मला तेवढं पुरे आहे.”

दुसऱ्या दिवशी समितीची पहिली बैठक होती. अध्यक्ष कोण, असा प्रश्न निघताच हरणटेकच्या सगळ्यांनी शालिनीताईंकडे पाहिलं.  मग त्या उठल्या आणि भालचंद्रांचं नाव त्यांनी स्वतः सुचवलं. आवाज किंचित कापला, पण नाव स्पष्ट उच्चारलं गेलं.

शेजारच्या गावाकडे हात पसरण्यापूर्वी आपली मूठ किती घट्ट मिटलेली आहे, हे प्रत्येक गावानं एकदा पाहून घ्यावं.