सुलभाबाईंचा पगार आणि सातची सुट्टी

एका गावात एक भोळा चिवडेवाला होता. होता म्हणजे काय, अजून आहे. आमच्या शेजारीच राहतो. मधली भिंत पातळ, म्हणून मला सगळं ठाऊक. मुद्दाम कान लावायची मला सवय नाही.

नाव पद्माकर होनराव. सगळे पद्माभाऊ म्हणतात. पुढं दुकान, मागं घर, मध्ये एक दार. चिवडा करायची त्यांची बायको सुलभा. पोहे तीच भाजणार, मसाला तीच कुटणार, कढईपुढं तीच बसणार. पद्माभाऊ खुर्चीत बसून गिऱ्हाइकाला म्हणणार, "या."

यंदा धंदा दणकून झाला. कर किती भरायचा ते ऐकून पद्माभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. ते करसल्लागार खडकेसाहेबांकडं गेले.

साहेब म्हणाले, "वहिनी राबतात ना? मग त्यांना पगार द्या. तो दुकानाच्या खर्चात जाईल, कर कमी होईल. पण नाटक नको. काम खरं, पगार खरा, तोही बँकेतून. बाकीच्या नोकरासारखंच त्यांना धरा."

"धरतो," पद्माभाऊ म्हणाले.

सुलभाचं पासबुक आलं. पहिल्यांदा मला दाखवलं. फोटोत डोळे मिटलेले, पण नाव ठळक. "वहिनी, पंधरा वर्षं कढईपुढं बसले, आत्ता कुठं माझं नाव छापून आलं." पदरानं पुसून तिनं ते डाळीच्या डब्यामागं ठेवलं.

त्याच दिवशी सात वाजता दुकानातला नोकर किसन घरी गेला. पद्माभाऊ म्हणाले, "सुलभाबाई, तुमचीही सुट्टी. या उद्या."

सुलभा हसली आणि हातपाय धुवायला बाहेरच्या मोरीवर गेली. परत येते तर घराला आतून कडी.

"अहो, उघडा!"

"कोण?"

"मी!"

"सुट्टी झाल्यावर मालकाच्या घरात काय काम? किसन येतो का?"

त्या दिवशी ती आमच्याकडं जेवली. मटकीची उसळ होती, पुरली.

दुसऱ्या दिवशी खडकेसाहेबांनी कपाळ बडवलं. "अहो होनराव! दुकानात त्या नोकर. घरात त्या मालकीण! मालकिणीला मानानं बसवायचं. कळलं?"

"कळलं. मालकिणीला मानानं बसवायचं."

आठवड्याच्या बाजाराला दुकानात ही गर्दी. सुलभा मधल्या दारातून लगबगीनं आली. घरातून आली, म्हणजे मालकीण. पद्माभाऊंनी तिला खुर्चीत बसवलं, हातात चहा दिला आणि झारा स्वतः घेतला.

"अहो, जळतंय!"

"तुम्ही बसा. उठायचं नाही."

पोहे काळे ठिक्कर पडले. एक म्हातारी म्हणाली, "पद्म्या, चिवडा मागितला होता रे, दात घासायला राखुंडी नव्हे."

सुलभा तडकली. "ज्याचं काम त्यानं करावं! दुसऱ्यानं मध्ये हात घालू नये!"

"बरोबर," पद्माभाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानात शेळी शिरली. शेळ्या हाकलायचं काम किसनचं, आणि किसन तेल आणायला गेलेला. पद्माभाऊ हात बांधून बसले. शेळीनं शेवेचं अख्खं ताट फस्त केलं. ते तिला एवढंच म्हणाले, "थांब, किसन येऊ दे."

सुलभानं डोक्याला हात लावला. "अहो, हाकलायचं नव्हतं तर नव्हतं! समोर दिसतंय ते तोंडानं सांगायचं तरी!"

"सांगीन," पद्माभाऊ म्हणाले.

आणि मग कर खात्याचे साहेब आले. पगार खरा का खोटा ते बघायला. खोटा वाटला तर खोडणार, वर दंड. खडकेसाहेब घाम पुसत उभे. सुलभानं पासबुक कमरेला खोचलेलं. मी आपली पावशेर चिवडा घ्यायला गेले होते.

साहेबांनी सुलभाला एकेक विचारलं. तिनं मसाल्यात काय-काय पडतं ते सांगितलं, पोहे कुठून येतात ते सांगितलं. बोलता बोलता घाणा उतरवला आणि चिवडा त्यांच्या हातावर ठेवला.

साहेबांनी खाल्ला. पुन्हा हात पुढं केला. "काम खरं आहे," ते म्हणाले. "पगार मान्य."

सुलभाचा जीव भांड्यात पडला. खडकेसाहेब खाली बसले. साहेब पिशवी उचलता उचलता सहज म्हणाले, "आणि होनराव, तुम्ही काय करता?"

पद्माभाऊंनी समोर बघितलं. दिसलं ते सांगितलं.

"बसतो."

"गल्ल्यावर?"

"गल्ला त्याच बघतात. मी नुसता बसतो."

साहेब मोठ्यानं हसले. "मग दुकान त्यांचंच म्हणा की!"

"म्हणतो," पद्माभाऊ म्हणाले.

आणि म्हणाले ते खरं केलं. आठवड्यात दुकानावर नवी पाटी: 'मालक सुलभाबाई होनराव'. कागदही तिच्या नावावर झाले. म्हणजे कमाई तिची, आणि करही तिलाच. मालकाला पगार धरता येत नाही, म्हणून कर पहिला होता तेवढाच. खडकेसाहेबांनी उरलेले केस उपटले. सुलभा मात्र पाटीखाली उभी राहून वर बघत होती. पासबुकातल्यापेक्षा नाव मोठं होतं.

त्या दिवशी सात वाजता मी सहज दारात आले, तर पद्माभाऊ स्वतःच्या घराबाहेर उभे.

"काय हो, आत नाही गेलात?"

"कसा जाणार, वहिनी? घरात ती मालकीण. आता दुकानातही तीच मालकीण. म्हणजे मी दोन्हीकडं नोकर. आणि नोकराची सुट्टी सातला."

तेवढ्यात सुलभानं दार उघडलं. "अहो, ताट वाढलंय. गार होतंय. या आत."

पद्माभाऊंनी हात जोडले. "बाई, जेवण पगारात धरणार, का वरून?"

सुलभानं त्यांच्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. आणि आतून कडी घातली.

पद्माभाऊंचा चेहरा खुलला. मला म्हणाले, "बघितलंत वहिनी? आत्ता कुठं सगळं नियमानं चाललंय. तुमच्याकडं आज काय केलंय?"